काळ्या पाषाणाखाली काय आहे, हे नीट मोजा

महोदय,

सांगलीच्या पूर्व भागात, विशेषतः जत तालुक्यात, काळ्या पाषाणाखाली (बेसॉल्टखाली) गाळाचे खडक आहेत का, याचे मॅग्नेटोटेल्युरिक सर्वेक्षण (पृथ्वीच्या नैसर्गिक विद्युत-चुंबकीय लहरींवरून खोलातल्या खडकांचा विद्युतरोध मोजण्याची पद्धत) व्हावे, आणि ते घाईत उरकले जाऊ नये, अशी आमची मागणी आहे. बागलकोटकडची कलादगी द्रोणी (प्राचीन गाळाच्या खडकांचे खोलगट क्षेत्र) उत्तरेला बेसॉल्टखाली शिरते. ती कुठवर आली आणि कोणत्या भ्रंशांनी (खडक तुटून सरकलेल्या भेगांनी) खचली, हे वरून दिसत नाही.

कोयनेचा अनुभव हाताशी आहे. १९६७ च्या भूकंपानंतर अनेक वर्षांनी तिथे खोल छिद्रे घेतली गेली. गोठण्याला सुमारे १,२५० मीटरवर, तर रासाटीला सुमारे ९३० मीटरवर बेसॉल्ट संपला आणि थेट ग्रॅनाइटी खडक लागला. मध्ये गाळाचा थर नाही. हा तीनशे मीटरचा फरक पाहून कुणीही भ्रंश काढेल. पण गोठणे उंचावर आहे. जागेची उंची वजा केली की तळखडक बराच सपाट निघतो. म्हणून प्रत्येक मोजणी केंद्राची खोली समुद्रसपाटीपासूनच द्यावी.

लाव्हाच्या थरांत कठीण पाषाण आणि मांजऱ्या (सच्छिद्र, मऊ थर) आलटून पालटून येतात. म्हणून भूकंपलहरींनी खोली मोजणे कठीण : त्या लहरी या थरांत विखुरतात, शिवाय लहरी वेगाने नेणाऱ्या थराखालचा मंद थर अपवर्तन पद्धतीत (लहरी थरांच्या सीमेवर वाकून परत येतात, त्यावरून मोजण्याच्या पद्धतीत) दिसतच नाही. विद्युतरोध मोजण्याला ही अडचण नाही. मात्र कलादगीचा घट्ट क्वार्टझाइट ग्रॅनाइटसारखाच रोधक असतो. खूण सापडली तर ती शेलच्या (चिखलापासून बनलेल्या, वीज सहज वाहू देणाऱ्या खडकाच्या) थरांत. तिथेही सावध राहावे लागते : १० ओहम-मीटर (विद्युतरोधाचे एकक) रोधाचा ५०० मीटर थर आणि २० ओहम-मीटरचा १,००० मीटर थर मोजणीच्या वक्रावर जवळजवळ सारखेच दिसतात. जाडी ठरवायला एखादे तरी छिद्र हवेच.

खरी कसोटी शेतात लागते. १०० ओहम-मीटरच्या खडकात एक सेकंद आवर्तकाळाची लहर सुमारे पाच किलोमीटर खोल जाते, आणि नेमका याच आवर्तकाळाच्या आसपास निसर्गाचा संकेत सर्वांत क्षीण असतो. त्यात पंपांच्या मोटारी, विजेच्या तारा, पवनचक्क्या. एका रात्रीची नोंद पुरत नाही. किमान दोन रात्री द्याव्यात आणि शेतीची थ्री-फेज वीज बंद असलेले तास त्यांत यावेत. त्याच वेळी दूर, शांत जागी दुसरे केंद्र जीपीएस घड्याळाने जुळवून चालू ठेवावे. दोन्हीकडे सारखा नसलेला गोंगाट त्यामुळे गाळता येतो. ही पद्धत १९७० च्या दशकापासून रूढ आहे. जमिनीतला विद्युत दाब टिपणारे शिसे-क्लोराइडचे इलेक्ट्रोड मिठाच्या पाण्यात कालवलेल्या बेंटोनाइट मातीत, हातभर खोल बसवावेत. तारा मोकळ्या सोडू नयेत, मातीखाली दाबाव्यात. वाऱ्याने हललेली तार पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात स्वतःच वीज निर्माण करते. चुंबकक्षेत्र मोजणारी कॉइलही समपातळीत पुरावी.

सर्वांत महागात पडते ती पृष्ठभागाची चूक. इलेक्ट्रोडजवळच्या मुरमाच्या किंवा काळ्या मातीच्या छोट्या खिशाने रोधाचा सगळा वक्र वर-खाली सरकतो. रोध चौपट दिसला तर खोली दुप्पट निघते आणि नसलेला भ्रंश नकाशावर येतो. त्यासाठी प्रत्येक केंद्रावर जमिनीवर तारेचा लूप टाकून क्षणिक विद्युतचुंबकीय मोजणी (लूपमधला प्रवाह अचानक बंद करून जमिनीचा प्रतिसाद मोजणे) करावी. खर्च वाचवायला हीच पायरी आधी गाळली जाते, याची आम्हाला काळजी वाटते.

केंद्रे दोन-तीन किलोमीटरवर, द्रोणीच्या कडेला आडव्या रेषेत असावीत. रंगीत छेदांबरोबर मूळ नोंदीही खुल्या कराव्यात, म्हणजे इतरांना त्या पुन्हा तपासता येतील.

— भूभौतिकीचे काही अभ्यासक, सांगली