लोवेचच्या आजोबांना जाहीर आभारपत्र

प्रिय आजोबा,

बल्गेरियातल्या लोवेच गावच्या लितेक्स लोवेच या फुटबॉल क्लबवरचा माझा मराठी लेख पूर्ण झाला, तो तुमच्यामुळे. नाव छापू नको असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून इथेही ते घालत नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानतो. हे पत्र तुमची नात तुम्हाला बल्गेरियनमध्ये वाचून दाखवणार आहे, तसं तिने कबूल केलं आहे.

लेखाला हात घातला तेव्हा माझ्यापाशी होती फक्त यादी. 1998, 1999, 2010 आणि 2011 अशी चार विजेतेपदं, बल्गेरियाचा चषकही चार वेळा, आणि 2016 मध्ये अचानक शेवट. जेमतेम तीस-पस्तीस हजार वस्तीचं गाव सोफियाच्या बड्या संघांना मागे टाकतं, याचंच मला अप्रूप होतं. तुम्ही मात्र पहिल्या भेटीत 1996 च्या पुढे जाऊच दिलं नाहीत. आधी 1921 पासून ऐक, म्हणालात.

लोवेचमधला ओसम नदीवरचा तो झाकलेला पूल कोल्यो फिचेतो या बांधकामाच्या उस्तादाने 1876 मध्ये पुरा केला, 1925 साली तो जळाला आणि 1931 मध्ये पुन्हा उभा राहिला. त्या जळण्याच्या आधीपासून गावात फुटबॉल संघ आहे, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा माझ्या लेखाची सुरुवातच बदलली. संघाचं पहिलं नाव टेकडीवरच्या किल्ल्याचं, हिसार्या. पुढे कार्पाचेव्ह, मग नदीवरून ओसम, मग लेक्स. राजवटी बदलल्या, मालक बदलले, तशी पाटीही बदलत गेली, पण खेळायला उतरणारी पोरं गावातलीच. मॉस्कविच गाड्या जोडणाऱ्या कारखान्यातून पाळी संपवून थेट मैदानावर येणाऱ्यांबद्दल तुम्ही जे बोललात, ते कुठल्याही आकडेवारीत सापडलं नसतं. दुसऱ्या विभागातल्या, कुणी फारसे न नोंदवलेल्या त्या वर्षांवर माझ्या लेखाचा निम्मा भाग आहे, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो.

ग्रिशा गान्चेव्ह यांनी 1996 मध्ये संघ हाती घेतला आणि आपल्या कंपनीचं नाव त्याला दिलं, ते लितेक्स. पहिल्याच मोसमात संघ वर चढला आणि वर आल्या आल्या, 1998 मध्ये, देशाचा विजेता झाला. स्वेतोस्लाव्ह तोदोरोव्ह इथून वेस्ट हॅमला गेला, किशिशेव्ह चार्लटनला. हे सगळं मला वाचून ठाऊक होतं. पण युरोपातल्या क्लब स्पर्धेच्या त्या दोन उन्हाळ्यांविषयी तुम्ही बोलायला लागलात तेव्हा मी लिहिणं थांबवून नुसता ऐकत बसलो. 1998 मध्ये स्वीडनच्या हाल्मस्टाडला हरवलं, आणि मग स्पार्टाक मॉस्कोने दोन सामन्यांत अकरा गोल चढवले. पुढच्या वर्षी पोलंडच्या विद्झेव वूचला घरी 4-1 ने नमवलं, तिकडे 1-4 ने हरलो आणि पेनल्टीवर बाहेर पडलो. वीस-पंचवीस वर्षं उलटली तरी त्या पेनल्टींबद्दल बोलताना तुमचा आवाज चढतो. तो राग मी लेखात जसाच्या तसा ठेवला आहे.

सर्वांत अवघड होता डिसेंबर 2015. लेव्हस्की या सोफियाच्या संघाविरुद्ध सोफियात सामना, लितेक्स एका गोलने पुढे. लाल कार्डं निघाली, लेव्हस्कीला पेनल्टी मिळाली आणि लितेक्सच्या संचालकाने आपल्या संघाला मैदानाबाहेर बोलावून घेतलं. त्यापायी लितेक्सला अव्वल विभागातून काढून टाकण्यात आलं आणि उरलेला मोसम नऊच संघांनी खेळला. बल्गेरियाचा स्वातंत्र्यवीर वासिल लेव्हस्की याने ज्या गावाला आपल्या क्रांतिकारी संघटनेचं केंद्र केलं, जिथून जवळच काक्रिनाच्या खाणावळीपाशी तो 1872 मध्ये पकडला गेला, त्या गावच्या संघाचा अव्वल विभागातला प्रवास लेव्हस्कीचंच नाव लावणाऱ्या संघासमोर थांबावा, हे तुम्हाला फार लागलं होतं. पाठोपाठ 2016 च्या उन्हाळ्यात गान्चेव्ह यांनी क्लबचा परवाना सोफियाला नेला आणि तो तिथे सीएसकेए या नव्या संघाचा आधार बनला.

हा भाग मी लिहिला तेव्हा माझी लेखणी गान्चेव्ह यांच्यावर घसरली होती. तुम्ही वाचून घेतलंत आणि म्हणालात, ज्याने नेलं त्यानेच आणलंही होतं, दोन्ही लिही. तुमच्या तोंडून हे ऐकणं सोपं नव्हतं, कारण गमावलं होतं ते तुम्हीच. मी दोन्ही लिहिलं. तरीही माझं मत सांगतो : क्लब एखाद्या माणसाने उभा केला असला, तरी तो त्याच्या एकट्याचा होत नाही. ते वाक्य लेखात आहे. तुम्हाला पटलं नाही तर वाद घालायला मी येईनच.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल संघ पेठांचे आणि तालमींचे असतात. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी, बालगोपाल. शाहू स्टेडियमवर सामना असला की आजोबा आणि नातू एकाच बाजूला बसतात. हे ऐकून तुम्ही पहिला प्रश्न केलात, "त्यांचा मालक कोण?" मालक नाही म्हटल्यावर तुम्ही बराच वेळ त्यांची सगळी माहिती विचारून घेतलीत : पैसा कुठून येतो, पोरांना कोण शिकवतं, मैदान कुणाचं. त्या प्रश्नांमुळेच मला पुढचा लेख सुचला आहे.

तुम्ही विश्वासाने दिलेली कात्रणं आणि तिकिटं नातीकडे परत पोचवली आहेत, पाकिटात आणखी एक कागद घातला आहे. लोवेचमध्ये आता पुन्हा लितेक्स नावाने, खालच्या विभागातून सुरुवात करून, संघ उभा राहिला. त्याच्या सामन्यांना अजून जाता, हेही तुम्ही सहज बोलून गेलात, ते मी लेखाच्या शेवटी घेतलं आहे.

एक काम अजून तुमच्यावर टाकतो. कार्पाचेव्हच्या काळातल्या त्या सांघिक फोटोत मागच्या ओळीतले डावीकडचे तिघे कोण, ते एवढं नातीकडून लिहून पाठवा. बाकीच्यांची नावं तुम्ही सांगितलेली आहेत, या तिघांचीच राहिली आहेत.

तुमचा,
सोफियात राहणारा कोल्हापूरकर