ग्रॅव्हल रेसची तयारी हायवेवर कशाला?

संपादक साहेब, नमस्कार,

हल्ली आमच्याकडच्या सायकलवाल्या पोरांत ग्रॅव्हल रेसचं, म्हणजे खडी-मुरमाच्या कच्च्या रस्त्यावरच्या सायकल शर्यतीचं, वारं शिरलंय, चांगलंच आहे, पण तयारी बघावी तर सगळी पहाटे अंधारात हायवेवर, ऊसाच्या ट्रॉल्यांना घासून, आणि मग ॲव्हरेज स्पीडचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला की झाली प्रॅक्टिस! अहो डांबरावर दम वाढतो हे मान्य, पण मुरमावर पहिले बोंबलतात ते हात आणि कंबर, त्यांचं काय?

अमेरिकेत कॅन्ससमधे एम्पोरिया गावात २००६ पासून अनबाउंड नावाची रेस होते (आधी नाव वेगळं होतं), मुख्य अंतर २०० मैल, म्हणजे ३२० किमीच्या वर. तिथल्या चकमकीच्या दगडाने टायर चिरतात म्हणून पंक्चर काढणं हा तिथे तयारीचाच भाग. २०२३ ला तर पाऊस झाला आणि सुरुवातीलाच असा चिखल लागला की भलेभले सायकल खांद्यावर टाकून चालत होते, काडीने फोर्कमधला (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांमधला) चिखल खरवडत होते. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात गेलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

आमच्या बारामतीकडे नीरा डाव्या कालव्याच्या कडेने कच्चा रस्ता आहे, तिथे जा की. चाळीस एमएम रुंदीच्या टायरला रोडबाईकसारखी ऐंशी पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ठोकायची नाही, तीस-पस्तीसच्या आसपास ठेवून बघा, ग्रिप लगेच कळते. सुट्या खडीच्या चढाला उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक जागेवरच फिरतं, सीटवर बसून हलक्या गिअरमधे चढायचं. बाभळीचा काटा घुसला तर ट्यूबलेसमधे काटा उपटून भोक खाली येईल असं चाक फिरवायचं, आतलं सीलंट (भोक बुजवणारा चिकट द्रव) बहुतेक वेळा बुजवतं, नाहीतर प्लग, म्हणजे भोकात ठोसायची रबरी पट्टी. आणि खाणं! तासाला साठ ग्रॅम तरी कार्ब्स (साखर-पिष्ट) पोटात जायला पाहिजेत, पण खडखडाटात हँडलवरचा एक हात सोडून खजूर तोंडात टाकणं सवयीशिवाय जमत नाही, बाटली तर हमखास खाली पडते. बाकी समोरून गुरं आली तर उतरून बाजूला व्हा, रस्ता शेतकऱ्याच्या पण वहिवाटीचा आहे.

तुमच्या पुरवणीत दोन-दोन लाखांच्या सायकलींचे फोटो छापता, एकदा टायरमधल्या हवेवर पण अर्धं पान द्या.

आपला,
एक सायकलवाला वाचक, बारामती