मंत्रिसाहेब, खरं उत्पन्न सांगितलं म्हणून माझा पगार बंद झाला

प्रति,
मा. मंत्री, सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : निराधार योजनेची वर्षाला २१ हजारांची उत्पन्न मर्यादा

साहेब, स. न. वि. वि.

मी परभणी जिल्ह्यातल्या दुधनाकाठच्या गावची. वय ४७. मालक जाऊन सहा वर्षं झाली. दीड एकर कोरडवाहू रान आहे. घरात मी, सासूबाई आणि बारावीला असलेली लेक. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १५०० रुपये मला मिळत होते. आमच्याकडं त्याला निराधारचा पगार म्हणतात. दिवाळीनंतर तो बंद झाला.

पडताळणीसाठी उत्पन्नाचा नवा दाखला मागितला होता. दाखले काढायच्या सेतू केंद्रावरच्या पोरानं मान वर न करता विचारलं, "मावशी, कितीचा काढायचा?" उत्पन्न किती आहे, हे त्यानं विचारलं नाही. मी म्हणलं, जितकं आहे तितकंच लिही. तलाठी नवीन आलेले, त्यांनी मात्र नीट विचारलं. मीही सगळं सांगितलं. खुरपणी, कापूस वेचणी मिळून वर्षाला शंभर-एकशेदहा दिवस काम लागतं, रोज अडीचशे. सोयाबीनचं बी, खत, फवारणी वजा जाता आठ-नऊ हजार राहतात. त्यांनी ३६ हजार लिहिले. एक रुपया खोटा नाही.

तो दाखला पाहून तहसील कार्यालयातला माणूस म्हणाला, "मावशी, एकवीसचा आणायचा होता की. सगळं गाव एकवीसचाच आणतंय." आणि अर्जावर 'उत्पन्न जास्त' एवढं लिहून कागद माझ्याकडं सरकवला. सासूबाईंची म्हातारपणाच्या पगाराची, श्रावणबाळ योजनेची फाईलही त्याच दाखल्यावर अडकली. म्हणजे मी एकदा खरं बोलले आणि घरातले महिन्याचे तीन हजार गेले. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या आता एक दिवसाआड चालू आहेत. त्यांना वाटतं डॉक्टरांनीच कमी केल्या. मी तसंच सांगितलंय.

साहेब, २१ हजार म्हणजे अख्ख्या कुटुंबाला दिवसाचे ५७ रुपये. एवढ्यात तीन माणसं कशी जगतात ते तुमच्या विभागातल्या कुणीतरी आमच्या घरी येऊन दाखवावं. सरकारच्याच रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साली ३१२ रुपये रोज होती. हमी तेव्हा शंभर दिवसांची. एखादी विधवा ६८ दिवस हमीवर माती उचलायला गेली, की तिचं उत्पन्न २१ हजारांच्या वर गेलं. मग ती निराधार नाही. उरलेले ३२ दिवस तिनं घरी बसायचं का? अनुदान ६०० चं १००० झालं, १००० चं १५०० झालं. मर्यादा तेवढी जागची हलली नाही. महागाई वाढलेली अनुदानाला दिसते आणि मर्यादेला दिसत नाही, असं कसं?

त्याच इमारतीत पुरवठा विभागाचं टेबल आहे. तिथं ग्रामीण भागात ४४ हजारांपर्यंत उत्पन्न असलेलं कुटुंब अन्नसुरक्षेत बसतं. तिथं मी गरीब आहे, माणशी पाच किलो धान्य मिळतं. वीस पावलं चालून निराधारच्या टेबलापुढं गेले, की मी गरीब राहत नाही. लाडकी बहीणला मर्यादा अडीच लाखांची. आर्थिक दुर्बल म्हणून आरक्षण हवं असेल तर आठ लाखांची. धडधाकट, नवरा कमावता असलेल्या बाईला अडीच लाखांपर्यंत सरकार मदत करतं आणि ज्या बाईचं कुणी नाही तिला २१ हजारांत राहा म्हणतं. त्या बायकांचं काढून घ्या असं मी म्हणत नाही, त्या माझ्याच मैत्रिणी आहेत. पण हा हिशेब कुणी बसवला?

आणि मी लाडकी बहीणमध्येही नाही. २०२४ ला सगळ्या गल्लीनं फॉर्म भरले तेव्हा मला सांगितलं, तुम्हाला निराधारचे १५०० मिळतात, तुम्ही बसत नाही. बरोबर होतं, मी गप बसले. आता निराधार बंद आहे आणि तिकडची नोंदणीही बंद आहे. २०२४ च्याच निवडणूक प्रचारात लाडकी बहीणच्या १५०० चे २१०० करू म्हणून गाडी फिरली होती. माझ्या हातात दोन्हीतलं काहीच नाही.

माझी लेक अर्थशास्त्र शिकते. तिनं वहीत गणित मांडून दाखवलं. आमचं माणशी महिन्याचं उत्पन्न बरोबर हजार रुपये. तेंडुलकर समितीची २०११-१२ ची अख्ख्या देशासाठीची गावाकडची दारिद्र्यरेषा ८१६ रुपयांची. रंगराजन समितीची गावाकडची ९७२. म्हणजे इतक्या वर्षांपूर्वीच्या भावानंसुद्धा आम्ही २८ रुपयांनी गरिबीतून बाहेर. हे ती सांगत होती तेव्हा तिच्या पायात माझी चप्पल होती, कारण आमच्यात एकच धड जोड आहे.

नीती आयोग म्हणतो, नऊ वर्षांत २४ कोटी ८२ लाख लोक गरिबीतून बाहेर आले. त्यात वीज, स्वयंपाकाचा गॅस, बँकेचं खातं हेही मोजतात. माझ्याकडं तिन्ही आहेत. गॅसची टाकी चुलीच्या शेजारी रिकामी उभी आहे, तिच्यावर पिठाचा डबा ठेवते. बँकेच्या खात्यात २१२ रुपये आहेत. मीटरचं बिल थकलंय. तुमच्या त्या कोटींमध्ये मलाही धरलं असेल, तर मला वगळा.

माझी आई बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. सुकडी मिळायची. तिला कुणी दाखला मागितला नाही. त्या उन्हात जो खडी फोडायला येतो तो गरजूच, हे तेव्हाच्या सरकारला कळत होतं. पुढं त्यावरच महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदा केला, देशानं तो नंतर उचलला. आता गरीब कोण हे ठरवायला माणसाकडं बघतच नाहीत, कागदाकडं बघतात. आणि कागद कितीचा काढायचा ते सेतूवर ठरतं. ज्याच्या घरापुढं चारचाकी उभी आहे तोही एकवीसचा दाखला काढतो, आमच्या गावात असे आहेत, सगळ्यांना माहीत आहेत. २१ हजारांत कुणीच जगत नाही, हे तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत सगळे जाणतात. तरी प्रत्येक विधवेकडून तेच खोटं लिहून घेता. उद्या चौकशी लागली तर खोटा दाखला दिला म्हणून बोट तिच्याकडंच दाखवणार.

साहेब, निराधारची मर्यादा निदान रेशनच्या ४४ हजारांएवढी करा. ज्यांचं बंद केलं त्यांना कारण आणि अपील कुठं करायचं ते लेखी द्या. एका योजनेतून काढलेल्या बाईला दुसरीत घ्यायची वाट ठेवा.

कार्यालयातल्या माणसानं परवा निरोप पाठवला, नवा दाखला एकवीसचा आणा, पुढच्या बैठकीत घेऊ. सासूबाई म्हणतात, आण बाई. लेक म्हणते, आणू नको. मी अजून गेलेली नाही. ३६ हजारांचा दाखला ट्रंकेत आहे, पुढची बैठक कधी आहे ते कुणी सांगत नाही, आणि गोळ्यांचं पाकीट रविवारी संपतंय.

आपली,
एक विधवा शेतमजूर,
परभणी जिल्हा