टोरेयाचे दोन नकाशे

प्रिय बंड्या,

चार महिने पत्र नाही, कबूल. गुडघा बरा, बाकी ठीक. तुझ्याशिवाय कुणाला सांगितलं तर "एका झाडासाठी एवढं?" हेच ऐकावं लागेल, म्हणून तुलाच लिहितो.

टोरेया टॅक्सिफोलिया या दुर्मिळ सूचिपर्णी झाडाला कुठली जागा मानवते, त्याचा नकाशा अडलाय. फ्लोरिडातल्या अपलाचिकोला नदीच्या पूर्वेकडच्या घळी आणि लगतचा जॉर्जियाचा तुकडा, एवढंच त्याचं घर. नोंदी ढीगभर दिसतात, पण किलोमीटरभराच्या चौकोनात एकच ठेवली की मूठभर उरतात. काही तर थेट काउंटीच्या मध्यबिंदूवर टेकवलेल्या. काहींचे अक्षांश-रेखांश चोरीच्या भीतीने मुद्दाम ०.१ अंशाला गोल केलेले, म्हणजे सुमारे ११ किलोमीटरची चूक, आणि घळीची रुंदी मीटरांत मोजायची! वर्ल्डक्लिम या हवामान-माहितीसंचाचा ३० कोनीय सेकंदांचा (सुमारे किलोमीटरभराचा) चौकोनही वरचं कोरडं वाळूचं पठार आणि खालची गार, ओलसर घळ यांची सरासरी काढून मोकळा होतो. उतार, दिशा, सावली लायडारने (विमानातून लेझरने) मोजलेल्या जमिनीच्या उंचीवरूनच काढायला हवी. एसआरटीएम (अवकाशयानातून रडारने केलेलं उंचीमापन) दाट झाडीत जमिनीऐवजी शेंड्यांकडे झुकतं. वर्ल्डक्लिमचे बायो ८, ९, १८, १९ हे घटक (तापमान आणि पाऊस जोडून काढलेले) मी काढूनच टाकले, त्यांच्यात कृत्रिम रेघा येतात.

मॅक्सएंट, म्हणजे नोंदींवरून झाड कुठे जगू शकेल हे ठरवणारं मॉडेल, आपोआप सेटिंगवर सोडायचं नाही, हे तुझं बरोबर होतं (हे वाक्य जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही). १५ बिंदू झाले की ते हिंज (तुकड्यातुकड्यांनी वळणाऱ्या रेषा) उघडतं आणि वळणं बिंदूंच्या मागे धावू लागतात. मी फक्त सरळ रेषा आणि वर्गाची (x²) वक्ररेषा ठेवली, रेग्युलरायझेशन, म्हणजे मॉडेलला साधं ठेवणारा लगाम, १ वरून ३ वर नेला. चाचणीत एकेक बिंदू बाहेर काढून बघतोय. एयूसी (मॉडेलला मिळणारे गुण, १ पैकी) ०.९९ आलं तर पेढे वाटू नकोस. तुलनेच्या पार्श्वभूमीत अख्खी अमेरिका घेतली की कुणीही हुशार ठरतो.

खरी काळजी वेगळी आहे. १९३९ मध्ये बागेची देखरेख करणाऱ्या बीडलने नॉर्थ कॅरोलायनातल्या अॅशव्हिलच्या बिल्टमोर बागेत लावलेली टोरेयाची झाडं, पाचशे किलोमीटरहून जास्त उत्तरेला, थंडी सोसून बिया धरतात. घळींतल्या नोंदींवर शिकलेलं मॉडेल अॅशव्हिलला नापास करणारच, तेवढी थंडी त्याने पाहिलेलीच नाही. मेस (मॉडेलने न पाहिलेलं हवामान दाखवणारं गणित) काढलं की तो भाग लाल. हिमयुगानंतर उत्तरेकडे परतायचं राहून गेलेलं झाड, अशी एक मांडणी आहेच. ती खरी असेल तर आपण त्याचं घर मोजत नाही, अडकून पडलेली जागा मोजतोय. त्यात विसाव्या शतकाच्या मध्यावरची या झाडांची पडझड. त्याला रोग लावणाऱ्या फ्युजेरियम टोरेयाई बुरशीचं वर्णन २०१३ मध्ये झालं. आजचे बहुतेक बिंदू म्हणजे बुंध्याचे फुटवे. तिथे मूळ जिवंत आहे एवढंच त्यावरून कळतं, झाड वाढून बी धरतं की नाही ते कळत नाही.

तू म्हणशील, बागेचे बिंदू घाल. तिथे माळी पाणी देतो रे! त्यावरून थंडी सोसते हे कळतं, पण रोप आपलं आपण रुजेल का, ते कळत नाही. म्हणून दोन नकाशे करतोय, एक फक्त नैसर्गिक नोंदींचा, दुसरा बागांसकट, आणि दोन्ही एकत्र मुळीच करणार नाही. एकत्र केले की हिरवा पट्टा बघून कुणीतरी रोपं घेऊन धावेल, बुरशीसकट.

चिंगीच्या परीक्षेचं कळव. वहिनींना नमस्कार, बदलीचं काय झालं? आणि १९५० आधीच्या हर्बेरियम शीटची (वाळवून जपलेल्या नमुन्यांची) ती यादी आधी पाठव, भांडण नंतर.

तुझा,
अन्या