जॅझच्या चित्रपुस्तकातल्या चुकांबद्दल तक्रार

प्रति,
संपादक, बालसाहित्य विभाग

विषय: प्राण्यांचा नाच आणि जॅझ संगीत या चित्रपुस्तकातील चुका, आणि ग्राहक सेवा विभागाचं उत्तर

सप्रेम नमस्कार,

प्राण्यांच्या नाचाचं, बटणं दाबली की वाद्यं वाजणारं आपलं चित्रपुस्तक मी माझ्या पाच वर्षांच्या मुलीसाठी घेतलं. त्यातल्या चुका आपल्या ग्राहक सेवा विभागाला कळवल्या, तेव्हा उत्तर आलं की पुस्तक लहान मुलांचं आहे, त्यात इतकं काटेकोर पाहू नये, आणि बटणं बंद असतील तर प्रत बदलून मिळेल. बटणं उत्तम चालतात. बॅटरीच्या झाकणाला स्क्रू आहे, पानं जाड आहेत, कोपरे गोल आहेत. माझी तक्रार त्या बटणांतून काय वाजतं आणि पानांवर काय छापलं आहे याबद्दल आहे, म्हणून आता थेट आपल्याला लिहिते आहे.

मुखपृष्ठावर ‘मुलांसाठी जॅझची पहिली ओळख’ असं ठळक छापलेलं आहे. नुसती प्राण्यांची गंमत असती तर मी एक अक्षरही लिहिलं नसतं. ओळख करून देतो म्हटल्यावर ती खरी हवी.

जिराफाचं पान घ्या. मजकूर म्हणतो, जिराफ ट्रॉम्बोनची नळी पुढे-मागे सरकवतो. चित्रातल्या वाद्याला सरकणारी नळीच नाही. ट्रम्पेटला असतात तसे तीन खटके आहेत आणि जिराफाचं एकेक बोट त्यांवर नीट टेकवलेलं आहे. खटक्यांचा ट्रॉम्बोनही असतो, हे मला माहीत आहे; पण मग मजकूर चुकला. माझ्या मुलीने पानावर बोट ठेवून विचारलं, “सरकवतो कुठे?” मुलांच्या हे लक्षात येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा मुलांना शेजारी बसवून हे पान वाचून दाखवावं.

पुढच्या पानावर सॅक्सोफोनचं बटण दाबलं की ट्रम्पेट वाजतो आणि ट्रम्पेटचं दाबलं की सॅक्सोफोन. छापायला सोडण्याआधी कुणी एकदा तरी ही दोन बटणं दाबून पाहिली होती का? शिवाय सॅक्सोफोनला तिथे ट्रम्पेटचा भाऊ म्हटलं आहे. अडॉल्फ सॅक्स यांनी १८४६ मध्ये फ्रान्समध्ये पेटंट घेतलेलं हे वाद्य पितळेचं असलं, तरी त्याचा आवाज मुखाशी बसवलेल्या वेताच्या पातळ पट्टीतून निघतो. म्हणून त्याची गणना क्लॅरिनेटच्या कुळात होते. ट्रम्पेटमध्ये ओठच थरथरतात. पाच वर्षांच्या मुलाला हे दोन वाक्यांत सांगता येतं, आणि ऐकून मूल लगेच ओठ फुर्र करून बघतं.

वाद्यांच्या चुका दुरुस्त करणं सोपं आहे. ठेक्याची चूक मला जास्त लागली, कारण ती पुस्तकभर आहे. ‘चला टाळी वाजवू, एकला आणि तीनला’ असं आपण मुलांना सांगता. जॅझमध्ये चार ठोक्यांच्या मापात टाळी आणि चुटकी पडते ती दोनला आणि चारला. ड्रमवाल्याच्या पायाखालच्या झांजाही साधारण तिथेच मिटतात. त्यावर स्विंग येतो: एका ठोक्याचे दोन भाग सारखे नसतात, पहिला लांबतो आणि दुसरा आखूड होतो. अंग आपोआप डोलायला लागतं ते त्यामुळे. आपल्या बटणांतल्या सगळ्या धून मात्र सारख्या मापाने कापलेल्या आहेत. चित्रातलं अस्वल कंबर लचकवतं आहे, बगळ्याने एक पाय हवेत फेकला आहे, चित्रकाराने ती हालचाल फार सुंदर पकडली आहे, आणि खालून कवायतीचा ठेका वाजतो. या चित्रांना खरं संगीत मिळायला हवं होतं.

नाचणाऱ्या प्राण्यांचं पुस्तक काढताना तर खरा इतिहासच आपल्या मदतीला होता. जॅझच्या थोडं आधी, रॅगटाइम नावाच्या संगीताच्या काळात, अमेरिकेत टर्की ट्रॉट, ग्रिझली बेअर, बनी हग अशा नावांचे नाच खरोखर नाचले जात होते. टर्की पक्षी, अस्वल, ससा, सगळे तिथे आहेत. त्या नाचांपैकी एकही पुस्तकात नाही.

आता शेवटचं पान, ज्यासाठी मी मुख्यतः लिहिते आहे. तिथे छापलं आहे की फार वर्षांपूर्वी जंगलातल्या प्राण्यांनी मिळून जॅझ शोधून काढला. गोष्ट म्हणून ठीक. पण पानाचा मथळा आहे ‘जॅझचा इतिहास’. जॅझ उभा राहिला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्स शहरात, तिथल्या कृष्णवर्णीयांमध्ये. त्यांच्या आधीच्या पिढ्या गुलाम होत्या. त्याच शहरातल्या काँगो स्क्वेअरमध्ये हे गुलाम रविवारी जमून ढोल वाजवत आणि नाचत. या माणसांचा पुस्तकात एका शब्दानेही उल्लेख नाही. पुस्तकातला पोपट शब्दांऐवजी नुसते निरर्थक बोल गातो, मुलीला तो सगळ्यांत आवडतो. तसं गाणं ज्याच्या १९२६ च्या ध्वनिमुद्रणामुळे लोकप्रिय झालं, तो लुई आर्मस्ट्राँग न्यू ऑर्लीन्सच्या गरीब वस्तीत वाढला आणि मुलांच्या सुधारगृहातल्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखंच एक वाद्य, वाजवायला लागला. मुलांसाठी याहून चांगली गोष्ट कोणती हवी होती?

माणसं गाळली, आणि त्यांच्या जागी मधल्या दुपानी चित्रात वाद्यवृंद म्हणून बसवली आहेत माकडं: फुगवलेले लालभडक ओठ, पांढरे हातमोजे, वटारलेले डोळे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले गोरे नट जाळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून, असेच ओठ रंगवून कृष्णवर्णीयांची टिंगल करत. त्यांना माकडं म्हणून हिणवणं आजही थांबलेलं नाही. चित्रकाराचा हेतू तसा नसेल, असं मी धरून चालते. पण संपादकाच्या टेबलावरून हे पान पुढे जायला नको होतं. ज्यांनी हे संगीत घडवलं त्यांचीच ही नक्कल मुलांच्या हातात जाते, आणि आपलं उत्तर म्हणतं की काटेकोर पाहू नये.

माझ्या मागण्या अशा. माकडांचं दुपानी चित्र आणि शेवटचं पान नव्या आवृत्तीत बदलावं, आणि तोवर शिल्लक प्रतींची विक्री थांबवावी. ठेका आणि वाद्यांचे आवाज जॅझ वाजवणाऱ्या वादकाकडून तपासून घ्यावेत. शक्य असेल तर त्याच्याकडूनच वाजवून घ्यावेत. ज्यांनी पुस्तक घेतलं आहे त्यांना दुरुस्तीची पानं विनामूल्य पाठवावीत. मला प्रत बदलून नको, कारण बदललेल्या प्रतीतही हेच असेल. छापील किंमत परत करावी आणि पुस्तक परत कुठे पाठवायचं ते कळवावं.

जिराफ, माकडं आणि शेवटचं पान यांचे फोटो, खरेदीची पावती आणि ग्राहक सेवा विभागाचं उत्तर सोबत जोडलं आहे. यावर संपादक विभागाकडून लेखी उत्तर मिळावं, ही विनंती.

कळावे,
एक पालक आणि आपली ग्राहक