चुलीच्या धगीवर दिवा

महोदय,

३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर आमच्या दापोली तालुक्यातल्या वाडीत कित्येक दिवस वीज नव्हती. न्हाणीघरातली चूल मात्र रोज धगधगत होती. तेव्हापासून त्या धगीतून वीज करण्याचा विचार डोक्यातून जात नाही.

आयटीआयमध्ये शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून करून पाहिलं. चार सेंटिमीटरच्या दोन पेल्टियर पट्ट्या (उष्णतेतून वीज देणाऱ्या छोट्या चौकोनी पट्ट्या) एकापुढे एक जोडून चुलीच्या तापलेल्या जांभ्यावर पत्रा घालून बसवल्या, वर गार पाण्याचा टोप ठेवला. एक बाजू तापलेली, दुसरी गार असली की वीज वाहते. शास्त्रज्ञ सीबेक यांना हा परिणाम १८२१ मध्ये दिसला होता. एलईडी लागला! पाणी कढत होत गेलं तसा उजेड मंदावला. गार पाणी ओतताच पुन्हा वाढला. वीज मिळते ती तापमानातल्या फरकामुळे, हे नातीला तिथेच कळलं.

उष्णतेतले जेमतेम काही टक्केच हाती लागतात. पंखा फिरणार नाही. पण वादळात एक दिवा पुष्कळ असतो. अशी धग आमच्याकडे आणखीही आहे: काजू कारखान्यांच्या भट्ट्या आहेत, उन्हवऱ्याचा गरम झरा आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने येत्या पावसाळ्याआधी अशी एक चूल बसवून पाहावी, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त आयटीआय निदेशक, ता. दापोली