दुसरा काटा

माननीय केंद्रीय दूरसंचार मंत्री महोदय यांस,

सविनय नमस्कार.

विषय: एकच टॉवर असलेल्या गावात नेट न्यूट्रॅलिटीचा (कंपनीने सगळ्या वेबसाइटना सारखं वागवण्याचा) नियम पाळला जातो की नाही, हे ओळखायचं कसं, याबाबत.

मी यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, ई-केवायसी, जे काम येईल ते. गावात टॉवर एकाच कंपनीचा. दुसऱ्या कंपनीचं सिमही घेऊन पाहिलं. टेकडीवरच्या मारुतीजवळ त्याला दोन काड्या येतात, पण दुकान काही टेकडीवर नेता येत नाही.

2025 च्या सप्टेंबरातली गोष्ट. हमीभावाने कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर आधी नोंदणी करा, असा हुकूम निघाला. लांब धाग्याला हमीभाव क्विंटलमागे 8,110 रुपये आणि व्यापारी बोलतात त्याहून कमी. तेव्हा सकाळी सातपासून माझ्या दारात कास्तकारांची रांग. त्यात एका काकांचा ओटीपी काही केल्या येईना. आला तेव्हा त्याची मुदत संपलेली. पुन्हा मागवला, तर आधीचाच आला. असं चारदा झालं. “टावर येऊन नाही राहिला का बाप्पा?” काकांनी विचारलं. टॉवर तर होता, फोनवर काड्या भरलेल्या दिसत होत्या. आणि बाजूच्या बाकड्यावर त्यांचा नातू त्याच कंपनीच्या सिमवर, त्याच कंपनीच्या ॲपवर पिक्चर पाहत बसला होता. दोन तासांत त्याचा पिक्चर एकदाही अडकला नाही.

मी आरोप करत नाही. पिक्चरचा साठा कंपन्या जवळच्या शहरात करून ठेवतात, सरकारी सर्व्हर लांब असतो आणि त्यावर साऱ्या देशाची झुंबड असते, एवढं मलाही कळतं. नोंदणीची मुदत पुढे वाढली, काकांचं काम दहा दिवसांनी झालं. पण त्या दिवशी सर्व्हर मेला होता, टॉवरवर गर्दी होती, की कंपनीने आपल्या मालाला वाट मोकळी करून बाकीच्यांना मागे थांबवलं होतं? गावात बसून हे कोणी सांगू शकत नाही.

कापसाच्या बाबतीत आम्ही हे सांगू शकतो. जिनिंगवर (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यावर) गाडी नेण्याआधी शहाणा माणूस ती बाहेरच्या धर्मकाट्यावर तोलून घेतो. थोडे पैसे जातात, पण चिठ्ठी खिशात राहते. मग जिनिंगच्या काट्यावर दहा-वीस किलोची तूट निघाली की भांडता येतं. ज्या रस्त्यावर दुसरा काटाच नाही, तिथे समोरचा म्हणेल ते वजन. आमच्या गावात नेटचा दुसरा काटा नाही.

नियम नाही असं नाही. नियम तर चांगला आहे, आणि तो लोकांनी भांडून मिळवलेला आहे. 2015 साली ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, मतं मागवली तेव्हा दहा लाखांवर ईमेल गेले. त्या वेळी फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या नेटवर्कवर आली होती. ठरावीक वेबसाइट फुकट, बाकीच्यांना पैसे. तिची तरफदारी करताना फेसबुकचे झुकेरबर्ग यांनी वर्तमानपत्रातल्या लेखात महाराष्ट्रातल्याच एका शेतकऱ्याचा दाखला दिला होता. शेतकऱ्याला हवामान कळतं, भाव कळतो, मग विरोध कशाला? (आमचं नाव पुढे करून आपला माल खपवणारे ते पहिले नव्हेत, पण तो विषय वेगळा.) 8 फेब्रुवारी 2016 ला ट्रायने निकाल दिला की वेबसाइट पाहून डेटाचा दर बदलता येणार नाही. मोडाल तर दिवसाला 50 हजार रुपये दंड, कमाल 50 लाख. 2018 मध्ये आपल्या विभागाने पुढचं पाऊल टाकलं. एखादी वेबसाइट अडवायची नाही, तिचा वेग पाडायचा नाही, कोणाला पैसे घेऊन पुढे काढायचं नाही, हे परवान्याच्या अटींतच आणलं. अमेरिकेत हाच नियम 2015 ला आला, 2017 ला काढला, 2024 ला परत आणला आणि जानेवारी 2025 मध्ये कोर्टाने उडवला. त्या मानाने आपला नियम जागेवर टिकून आहे, याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण नियम मोडल्याची तक्रार करायची तर आधी नियम मोडल्याचं कळायला हवं. शहरातला माणूस घरचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तेच पान उघडून पाहतो. इकडे उघडलं, तिकडे नाही, म्हणजे गडबड कुठे आहे ते त्याला दिसतं. 2011 पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय आहे, म्हणून त्याच्या रागाची कंपनीला थोडी तरी भीती असते. आम्ही रागावून कुठे जाणार? 2024 ला एका मोठ्या कंपनीने 27 जूनला दरवाढ जाहीर केली, दुसरीने 28 जूनला. दोघींचे नवे दर 3 जुलैपासून लागू. देशातले बहुतेक ग्राहक या दोघींकडेच आहेत.

एकच गिऱ्हाईक असलं की काय होतं, हे विदर्भाला कोणी शिकवायला नको. 1972 पासून तीस वर्षं आपल्या राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती, म्हणजे सरकारशिवाय कोणाला कापूस विकायचा नाही. हेतू वाईट नव्हता, व्यापाऱ्याच्या लुटीतून सोडवण्याचाच होता. पण माझे वडील बैलबंडी घेऊन केंद्रावर दोन-दोन रात्री काढायचे, आणि ग्रेडर बंडीत हात घालून चिमूटभर कापूस उजेडात धरायचा. तो म्हणेल ती प्रत. वडील त्याच्या तोंडाकडे नाही, चिमटीकडे पाहत राहायचे. चुकाऱ्याला महिने लागायचे. म्हणून तर रात्रीच्या बंड्या पैनगंगा ओलांडून शेजारच्या राज्यातल्या आदिलाबादकडे जायच्या. कायद्याने तो गुन्हा होता, पण तिकडे दुसरा काटा होता. टॉवरच्या बाबतीत आम्हाला पैनगंगाही ओलांडता येत नाही.

2022 मध्ये तालुक्याच्या एका केबलवाल्याने हिंमत केली. विजेच्या खांबांवरून नऊ किलोमीटर तार ओढत आणली आणि चौदा घरांना नेट दिलं. त्यातलं एक माझं. त्या आठ महिन्यांत मी पहिल्यांदा तुलना करू शकलो. सातबाऱ्याचं पान मोबाइलवर अडकलं आणि तारेवर उघडलं, तर रांगेला सांगायचो, “सर्व्हर चालू आहे, थांबा.” दोन्हीकडे अडकलं तर, “आज जा, उद्या या.” एवढ्याने लोकांची किती मजुरी वाचली! पण तो बिचारा घाऊक बँडविड्थ जिच्याकडून घ्यायचा, ती कंपनी आणि गावातल्या टॉवरची कंपनी एकच. करार संपला, नवा दर असा लागला की चौदा घरांवर तो निघेना. त्याने धंदा गुंडाळला. तार अजून खांबांवर लोंबते आहे, खालच्या तुकड्यावर शेजारीण ओले कपडे टाकते.

आता मुद्द्याचं. आमच्या ग्रामपंचायतीत एका लोखंडी डब्ब्यात सरकारी फायबर येऊन पडलं आहे. भारतनेटचं, म्हणजे ग्रामपंचायतींपर्यंत नेट नेण्याच्या केंद्राच्या योजनेचं. ही तार सरळ एका रेषेत टाकलेली होती. नालीसाठी जेसीबी लागला, ती कुठेतरी तुटली आणि पुढची सगळी गावं अंधारात गेली. सरकारला हे माहीत आहे. म्हणून तर 2023 च्या सुधारित भारतनेटमध्ये रेषेऐवजी कडं करायचं ठरलं, एकीकडून तुटली तर दुसरीकडून चालावी म्हणून. 1,39,579 कोटींचा कार्यक्रम आहे. या कामांसाठीच्या निधीला पूर्वी यूएसओ फंड म्हणत, आता डिजिटल भारत निधी म्हणतात, आणि त्यात कंपन्यांच्या समायोजित महसुलाचा 5 टक्के हिस्सा जातो. म्हणजे फिरून माझ्या गावाच्या रिचार्जचाच पैसा.

माझी मागणी एवढीच आहे की ती तार जोडली जाईल तेव्हा ती कोणा एकाच्या हवाली करू नका. तालुक्याचा केबलवाला असो, बचत गट असो, नाही तर मोठी कंपनी, जो येईल त्याला त्याच दराने आणि त्याच अटींवर तारेवर जागा मिळावी, आणि तो दर ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिलेला असावा. बीएसएनएललाही त्यातून सूट नको, ती सरकारी असली तरी. आमच्या शकुंतला रेल्वेचे रूळ खासगी कंपनीचे होते आणि गाडी चालवायची ती सरकारी रेल्वे. रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची, हे आमच्याकडे नवं नाही. सरकारी तारेवर खासगी केबलवाला चालायला काय हरकत आहे?

दुसरं म्हणजे मोजणी. आपल्या विभागाच्या हिशेबात महाराष्ट्र हे एक सर्कल (सेवाक्षेत्र) आहे, त्यात गोवासुद्धा येतो. पणजी, पुणे आणि घाटंजी मिळून काढलेल्या सरासरीने मला काय सांगायचं? कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर टाकायचा नियम 2024 मध्ये झाला, तो चांगला झाला. नकाशात आमचं गाव रंगलेलं आहे. तिथे सकाळी अकरा वाजता वेग किती मिळतो हे त्या रंगावरून कळत नाही. टॉवरनिहाय आकडे द्या, आणि ते कंपनीनेच मोजलेले नसावेत.

तिसरी गोष्ट थोडक्यात. ज्यांच्या व्हिडिओंनी नेटवर्क भरतं त्या बड्या वेबसाइटवाल्यांनी आम्हाला वाटा द्यावा, अशी कंपन्यांची मागणी 2023 पासून जोरात आहे. ऐकायला न्याय्य वाटते. पण ग्राहकाने डेटाचे पैसे एकदा दिलेले आहेत, त्याच डेटाचे दुसऱ्या टोकाकडूनही घ्यायचे हा कोणता व्यवहार? दक्षिण कोरियात असा खर्च परवडेना म्हणून थेट व्हिडिओ दाखवणारी ट्विच कंपनी फेब्रुवारी 2024 मध्ये तो देश सोडून गेली. ती मोठी होती, बाहेर पडली. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने किंवा नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेने उद्या गुलाबी बोंडअळीवर व्हिडिओ टाकला, तर पुढे-मागे त्यांनाही टोल लागणार नाही, याची हमी कोण देणार? हे दार उघडू नका.

पत्र मराठीत लिहिलं आहे, समजून सांगणारं कोणी आपल्या कार्यालयात असेलच. तार तपासायला माणूस पाठवलात तर डब्ब्याची चावी ग्रामसेवकांकडे आहे. त्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असतं. त्यांच्याकडे तीन गावं आहेत, आमच्याकडे ते मंगळवारी असतात. आधी फोन केलात तर लागेलच असं नाही.

आपला,
एक सेवा केंद्रचालक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ